दहा जणी कोण होत्या?

ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी 1896 मध्ये नोंदवलं की, अंडाशय काढल्यावर स्तनाच्या पसरलेल्या गाठी आक्रसू शकतात. असं का, हे उलगडायला साठेक वर्षं गेली. शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी किरणोत्सारी खूण लावलेलं इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयात बनणारं हार्मोन, उंदरांना देऊन पाहिलं. गर्भाशयासारखे मोजकेच अवयव ते धरून ठेवत होते. धरणारं प्रथिन म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. त्याला अडवणारं टॅमॉक्सिफेन सत्तरच्या दशकात स्तनाच्या कर्करोगासाठी आलं.

रिसेप्टर अंडाशयाच्या गाठींतही सापडले. टॅमॉक्सिफेन तिथेही दिलं गेलं, बहुतेकदा केमोथेरपीचे पर्याय संपत आल्यावर. शंभरात दहाएक जणींच्या गाठी लहान झाल्या आणि ‘फारसा उपयोग नाही’ असा शेरा बसला. त्या दहा जणी कोण, हे विचारायला हवं होतं, आणि ते न विचारल्याची मला आजही हळहळ वाटते. कारण अंडाशयाचा कर्करोग हा एक आजार नाहीच. 2013 मध्ये सुमारे तीन हजार स्त्रियांच्या गाठींची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा हे ठळक झालं: सीरस आणि एंडोमेट्रिऑइड प्रकारांत इस्ट्रोजेन रिसेप्टर सर्रास, म्युसिनस आणि क्लिअर सेलमध्ये क्वचित. नुसता रिसेप्टर असूनही भागत नाही. हाय-ग्रेड, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या, सीरस गाठींत तो भरपूर असतो, तरी हार्मोनविरोधी गोळ्यांना त्या फारशा बधत नाहीत.

लो-ग्रेड सीरस प्रकाराची गोष्ट वेगळी. हा आजार संथ, तुलनेने तरुण स्त्रियांना गाठणारा, केमोला फारशी दाद न देणारा. ह्यूस्टनच्या डेव्हिड गर्शनसन यांच्या गटाने 2017 मध्ये जुन्या नोंदी मांडल्या. शस्त्रक्रिया आणि केमोनंतर ज्यांना हार्मोनविरोधी औषध चालू ठेवलं, त्यांचा आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ 64.9 महिने होता, इतरांचा 26.4. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, त्यामुळे हा आकडा जपूनच वाचायचा. पण अशा आकड्याने आशा वाटली नाही तरच नवल.

2025 मध्ये अंडाशयाच्या कर्करोगात वेगळाच रिसेप्टर पुढे आला, कॉर्टिसोल या हार्मोनचा. तो केमोच्या माऱ्यातून कर्कपेशींना वाचवतो. रेलाकोरिलंट हे औषध त्याला अडवतं. प्लॅटिनमयुक्त केमोला न जुमानणाऱ्या आजारात केमोसोबत ते दिल्यावर आजार जास्त काळ आटोक्यात राहिला.

लो-ग्रेडसाठी आता एनआरजी-जीवाय-019 ही चाचणी, या वेळी चिठ्ठ्या टाकूनच, थेट विचारते आहे: शस्त्रक्रियेनंतर केमो वगळून नुसती हार्मोनविरोधी लेट्रोझोलची रोजची एक गोळी पुरेल का?