न्हाणीतलं गरम पाणी : बंब, गीझर की सोलर?

मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली आणि आमच्यातल्या एका ताईंनी मोबाईल पुढे केला. हॉटेलातला गरम पाण्याचा टब, त्यात बसलेली बाई, वर वाफा. "ताई, केळीच्या बागेतून आल्यावर असं बसायला मिळालं तर? गट कर्ज देईल का?" सगळ्या हसल्या. पण नंतर आम्ही गप्प झालो. कारण दिवसभर कापूस वेचून नाही तर घड वाहून आलेल्या बाईची कंबर ऊन पाण्याने मोकळी होते, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. म्हणून आज हाच हिशोब मांडतो.

आपल्याला हे सुख नवं नाही. चोपडा तालुक्यात अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेवला जमिनीतूनच गरम पाणी येतं. आपल्यातल्या कितीतरी जणी तिथे न्हाऊन आल्या आहेत. घरी मात्र पाणी तापवायला काहीतरी जाळावं लागतं.

आधी टबाचं बघू. घरी बसवायच्या अशा टबात हजार लिटर, कधी त्याहून जास्त पाणी लागतं. म्हणजे २० लिटरच्या ५० बादल्या. थंडीतलं २० अंशांचं पाणी ४० अंशांवर न्यायला एका बादलीला जवळपास अर्धा युनिट वीज लागते. ५० बादल्यांना २३ युनिट झाले! शिवाय हजार लिटर म्हणजे एक टन वजन. आपल्या धाब्याच्या घरावर ते पेलणार नाही. आणि उन्हाळ्यात ज्या गावात टँकरची वाट बघतात, तिथे इतकं पाणी एका अंघोळीला घालवायचं? टब बाजूला राहू द्या. दोन बादल्या ऊन पाणी, बसायला पाट आणि दाराला कडी, एवढं तरी प्रत्येकीला मिळालं पाहिजे.

आता साधनं बघू. बंब आपल्या ओळखीचा. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. तुराट्या, पऱ्हाट्या घरच्याच, म्हणून खर्च कमी. पण धूर आपल्याच डोळ्यांत जातो. बंब उघड्यावर ठेवा आणि रिकामा असताना कधी पेटवू नका, सांधे सुटतात.

रॉड स्वस्त, पण जीवावर बेतणारा. आधी रॉड पाण्यात, मग बटण चालू. आधी बटण बंद, प्लग काढायचा, मगच पाण्याला हात. लोखंडी किंवा पितळी बादलीत रॉड घालू नका. पाच माणसांच्या घरात रोज पाच बादल्या तापवल्या तर महिन्याला ७५ युनिट वाढतात. पहिल्या १०० युनिटांनंतर दर चढतो, हेही लक्षात ठेवा. विजेचा गीझर घेतला तर आयएसआयचं चिन्ह आणि ताऱ्यांची पट्टी बघा, अर्थिंग तपासून घ्या.

गॅस गीझरबद्दल जरा थांबून सांगतो. आमच्या गटातल्या एका ताईंची सून गेल्या थंडीत अंघोळीला गेली. न्हाणी लहान, खिडकी गोणपाटाने बंद केलेली, गीझर आतच. बराच वेळ आवाज नाही म्हणून सासूने दार ठोठावलं, मग तोडलं. सून जमिनीवर पडलेली. बाहेर मोकळ्या हवेत आणलं, दवाखान्यात नेलं, म्हणून वाचली. गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, चक्कर येते, आणि उठून कडी काढायची ताकदच राहत नाही. म्हणून गॅस गीझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेतच बसवा. बाळंतिणीच्या बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, तिथेही हाच धोका आहे. खिडकी उघडी ठेवा.

सोलरला सुरुवातीला पैसा लागतो, नंतर ऊन फुकट. १०० लिटरचा सोलर चार-पाच माणसांना पुरतो. तोंड दक्षिणेला हवं, सावली नको. गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच हवी. धाब्यावर बसवू नका, अंगणात लोखंडी स्टँड करा. भांड्यावर पांढरा थर बसवणारं पाणी असेल तर नळ्यांतही क्षार साचतो. साफसफाई कोण करणार, हे दुकानदाराकडून लिहून घ्या. भर उन्हात रिकाम्या, तापलेल्या काचनळ्यांत गार पाणी सोडलं तर त्या तडकतात. ढगाळ दिवसांसाठी बंब राहू द्या.

कर्जाचं बघा. समजा २०,००० रुपये घेतले, दरमहा १ टक्का व्याज, २० महिने हजाराचा हप्ता. मुद्दल घटत जातं, तसं व्याजही घटतं. एकूण व्याज २,१०० रुपये. तीन ठिकाणचे लेखी भाव घ्या. दोन-तीन घरांनी एकत्र मागितलं तर भाव उतरतो.

अंगाचंही सांभाळा. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, म्हणजे लेकरं भाजत नाहीत. बाळाचं पाणी कोपराने बघा. साखरेच्या आजाराने पाय बधिर झाले असतील तर पायाने पाणी अजमावू नका. गरोदर बाईने आणि रक्तदाबाचा त्रास असणारीने कढत पाण्यात बसू नये.

शेवटचं एक. ऊन पाणी घरात आलं तरी ते आधी कोणाला मिळतं? पुरुष, मुलं, पाहुणे, आणि बाईच्या वाट्याला तळाचं कोमट. ज्या ताईंनी टब दाखवला, त्यांनी या महिन्यात सोलरसाठी अर्ज केला. कारणाच्या रकान्यात त्यांनी स्वतः लिहिलं, "माझ्या अंघोळीसाठी." गटाने तो एकमताने मंजूर केला. तुमच्या गटात असा अर्ज आला तर हसू नका, हिशोब मांडा.