कर्सर नेला की अर्थ : जपानी वाचनाच्या साधनांबद्दलचे गैरसमज

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना तोटा नाही. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे, खासगी वर्ग तर जागोजागी, आणि जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतल्या पातळ्यांबद्दलचं ‘एन-३ झाली, आता एन-२’ हे आयटी कंपन्यांच्या कँटीनमध्येही कानावर पडतं. यांतल्या अनेकांच्या ब्राउझरमध्ये ‘योमितान’सारखं साधन असतं. जपानी शब्दावर कर्सर नेला की उच्चार आणि अर्थ चौकटीत उघडतो.

ही कॉपी आहे, असं काहींना वाटतं. पण भाषांतराचं यंत्र आख्खं वाक्य आयतं देतं. हे साधन सुटा शब्द देतं, वाक्याचा अर्थ तुम्हीच लावायचा. कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अक्षरांशेजारी बारीक अक्षरांत उच्चार छापायची फुरिगानाची पद्धत शंभर वर्षांपूर्वीच्या जपानी वर्तमानपत्रांतही होती. आणि ऋग्वेदातली पदं सुटी करून दाखवणारा शाकल्याचा पदपाठ म्हणजे तरी दुसरं काय?

‘यंत्र सांगेल ते बरोबर’ हा समज जास्त घातक. जपानीत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत, त्यामुळे शब्द कुठे संपतो हे साधनाला ठरवावं लागतं. योमितान कर्सरपासून पुढे कोशातला सर्वांत लांब शब्द शोधतं. ‘तोक्यो-तो’, म्हणजे तोक्यो महानगर, तीन कांजींत लिहितात. कर्सर पहिलीवर असेल तर ठीक. दुसरीवर सरकला की समोर येतं क्योतो, म्हणजे वेगळंच शहर! क्रियापदांत मात्र ते हुशार आहे. ‘ताबेसासेरारेता’चे प्रत्यय सोलून ते ‘ताबेरु’, म्हणजे खाणे, इथवर नेतं. कुणी कुणाला बळेच खायला लावलं, हे ज्याचं त्याने शोधायचं.

यामागचा कोश बहुधा ‘जेएमडिक्ट’ असतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या जिम ब्रीन यांनी हे काम १९९१ मध्ये सुरू केलं. आज त्यात दोन लाखांहून अधिक नोंदी आहेत. अर्थ मुख्यतः इंग्रजीत, काही युरोपीय भाषांतही. मराठीत नाहीत. क्रियापद शेवटी आणि विभक्तीचं काम नामामागून, ही जपानीची ठेवण मराठीला किती जवळची! वाक्याअखेरचा ‘ने’ इंग्रजीत समजावताना दमछाक होते, मराठीत बहुतेक वेळा ‘ना’ म्हटलं की भागतं. तरी आपण इंग्रजीचा वळसा घेतो. कोशात मराठी अर्थ घालण्याचं काम पुण्यातल्या जपानीच्या शिक्षकांनी अंगावर घ्यायला हवं.

साधन आहे म्हणून काहीही वाचता येतं, असंही नाही. हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासात, कथा विनामदत नीट समजायला शंभरातले सुमारे अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावे लागतात, असं दिसलं. ‘आओझोरा बुन्को’ या ऑनलाइन ग्रंथालयात कादंबरीकार सोसेकीच्या कादंबऱ्या फुकट आहेत म्हणून एन-४ वाल्याने त्या उघडल्या तर तो कादंबरी नव्हे, कोश वाचत बसेल.

‘आयता अर्थ लक्षात राहत नाही’ या तक्रारीत थोडं तथ्य आहे. पण छापील कोशात कांजीचं मूलांग शोधून, रेघा मोजून घालवलेल्या वेळाने स्मरणशक्ती वाढते असंही नाही. शब्द पुन्हा पुन्हा भेटला तर राहतो, आणि त्यासाठी भरपूर वाचावं लागतं.

जेएलपीटीच्या परीक्षेत ना कोश चालतो, ना मोबाइल. म्हणून उतारा आधी मदतीशिवाय वाचा, अडलेलं टिपून ठेवा, मग साधन वापरा. शिफ्ट दाबल्याशिवाय चौकट उघडू नये, अशी सोय योमितानमध्ये असते. ती बंद करू नका.