वावर राखणारे सात अधिकार

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शेतजमीन राखायला १९७३ पासून स्वतंत्र आयोग आहे. तिथली सुमारे ४६ लाख हेक्टर जमीन राखीव आहे आणि आयोगाने होकार दिल्याशिवाय तिच्यातला तुकडाही बाहेर निघत नाही. नाशिकला असा आयोग नाही. पण अधिकार मात्र आहेत, आणि चांगले धारदार! ते वेगवेगळ्या कायद्यांत आणि कचेऱ्यांत विखुरलेत, एवढंच.

१. घेणारा शेतकरीच हवा
कूळकायदा, १९४८, कलम ६३. खिशात कितीही पैसा असो, शेतकरी नसलेल्याला निफाडची द्राक्षबाग शेती म्हणून सहज घेता येत नाही. आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी.

२. पडीक ठेवलीत?
त्याच कायद्याचं कलम ६५ सांगतं: जमीन सलग दोन वर्षं पडून राहिली, तर सरकार तिचं व्यवस्थापन आपल्याकडे घेऊ शकतं. मालकी तुमची असली, तरी कसण्याची अपेक्षा कायद्याची आहे.

३. तुकडे पाडू नका
तुकडेबंदी कायदा १९४७ चा. राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे. शहरी भागांसाठी २०२५ मध्ये सरकारने यात सूट दिली. शेतीपट्ट्यात बंधन कायम आहे.

४. आदिवासींच्या जमिनीला दुहेरी कुलूप
सुरगाणा, पेठ, कळवणमधल्या आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायची, तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि तिच्याआधी राज्य सरकारची मान्यता. महसूल संहितेचं कलम ३६-अ.

५. कांदाचाळीला एनए नको
स्वतःच्या शेतात गोठा, शेतमाल साठवायची चाळ किंवा कुटुंबापुरतं घर बांधायला बिनशेती परवानगीची गरज नसते. विनापरवाना प्लॉट पाडले, तर मात्र दंड होतो आणि जमीन पूर्ववत करायला लावता येते.

६. रस्ता अडवला? तहसीलदार गाठा
मामलेदार न्यायालय कायदा १९०६ चा आहे, पण आजही रोज कामाला येतो. कुणी वहिवाटीची वाट अडवली, पाट बुजवला, तर सहा महिन्यांच्या आत दावा करा. तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात. वाट आणि पाणी तुटलं की बागायतही पडीक होते.

७. बागायत सर्वांत शेवटी
२०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम १०: एकाहून अधिक पिकं देणारी ओलिताची जमीन अगदी नाइलाज झाला तरच घ्यायची, आणि घेतलीच तर तेवढीच पडीक जमीन लागवडीखाली आणायची किंवा तिच्या किमतीएवढी रक्कम शेतीसाठी सरकारकडे भरायची. पण रस्ते, रेल्वे, कालवे, वीजवाहिन्यांना यातून सूट आहे. सिन्नर-इगतपुरीतून गेलेला समृद्धी महामार्ग याच जातीचा प्रकल्प. सगळ्यांत मोठं भगदाड इथेच आहे.

म्हणून जिल्ह्याच्या सगळ्या काळ्या मातीचा एकत्र विचार करणारी, नाही म्हणण्याचा अधिकार असलेली एक यंत्रणा नाशिकला हवीच. तोवर एक काम आपल्या हातात आहे. विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की हरकतींची मुदत लगेच सुरू होते. नकाशात आपला गट नंबर हिरव्या (शेती) पट्ट्यात राहिला की पिवळ्या (रहिवासी) पट्ट्यात गेला, ते पाहा. हरकत लेखी द्या, पोच घ्या आणि सुनावणीला शेजारच्या बांधावरच्यालाही सोबत न्या.