ॲडम्सटाउन : नगरपालिका नसलेलं आपलं गाव



डब्लिनजवळच्या लूकनच्या नैऋत्येला वसलेलं ॲडम्सटाउन तसं अगदी तरुण गाव. २००१ साली सरकारने इथली जमीन नियोजित वसाहतीसाठी निवडली, २००३ मध्ये आराखडा मंजूर झाला आणि २००६ पासून कुटुंबं राहायला आली.

आराखड्यातली एक अट मोठी शहाणपणाची होती. रस्ते, रेल्वे, शाळा अशा सोयी ठरल्याप्रमाणे झाल्याशिवाय पुढच्या टप्प्यातली घरं बांधायची नाहीत. २००७ मध्ये रेल्वे स्टेशन सुरू झालं, २००९ मध्ये माध्यमिक शाळा. पण २००८ च्या मंदीत घरांची कामं रखडली आणि गावाची मुख्य बाजारपेठ कित्येक वर्षं कागदावरच राहिली.

या गावाला स्वतःची नगरपालिका नाही. बागा, वाचनालयं, स्थानिक रस्ते हे सगळं टाला इथल्या साउथ डब्लिन काउंटी कौन्सिलकडे. म्हणजे आपलं गाऱ्हाणं मांडायचं ते आपल्या भागातल्या कौन्सिलरकडे!

"आपल्याकडे आयरिश पासपोर्ट नाही, मग आपल्याला कोण विचारणार?" असं अनेकांना वाटतं. तसं नाही. संसदेसाठी नागरिकत्वाची अट आहे, पण कौन्सिलच्या निवडणुकीत इथे राहणारी १८ वर्षांवरील कोणतीही व्यक्ती मत देऊ शकते, अगदी वर्क परमिटवर असली तरी. फक्त मतदार यादीत नाव हवं. पीपीएस नंबर आणि एअरकोड हाताशी असला की ते ऑनलाइन नोंदवता येतं.

मागची निवडणूक २०२४ मध्ये झाली, पुढची २०२९ मध्ये आहे. तेव्हा मंडळी, घर बदललं असेल तर पत्ताही बदलून घ्या!