किल्ली कोणाच्या हाती?

जुन्नर-आंबेगावची शिकलेली पोरे हल्ली ‘ब्लॉकचेन’चे नाव काढतात. ही म्हणजे अनेक संगणकांवर एकसारखी ठेवलेली हिशेबवही. गुपचूप खाडाखोड अवघड. ‘आर्बिट्रम’ या अशाच जाळ्यात २०२३ साली १२ जणांच्या सुरक्षा मंडळाची निवडणूक सुरू झाली. धोका दिसला की ९ सह्यांनी तातडीची दुरुस्ती होते. एकट्याचे काही चालत नाही. मात्र तिथे ज्याची टोकन जास्त, त्याचे मत जड. आपल्या सहकारात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. तरी उमेदवाराला दोन्हीकडे विचारायचे तेच: कामाची माहिती किती, हितसंबंध कोणाशी आणि किल्ली सांभाळणार कशी? आम्हांला वाटते, मत देण्याआधी हे विचारलेच पाहिजे. नंतर हळहळून उपयोग नाही.