पानिपतचा खातेदार आणि बँकांचा लोकपाल

पानिपत हे नाव मराठी मनात 14 जानेवारी 1761 या दिवसाशी कायमचे जखडले गेले आहे. त्या पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना प्रथम कळली ती एका सावकारी पत्रातून, मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेत, असे परंपरा सांगते. त्या काळी हुंडीचा सारा व्यवहार पेढीच्या पतीवर चाले. पेढीने शब्द मोडला तर सामान्य माणसाने दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न मात्र अवघडच होता.

आजचे पानिपत हे मागांचे शहर आहे. 1947 च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या विणकरांनी येथे बस्तान बसविले. चादरी, सतरंज्या आणि जुन्या कपड्यांच्या सुतापासून विणलेली ब्लँकेटे येथून देशोदेशी जातात. समजा, येथील एखाद्या लहान मागवाल्याच्या खात्यातून बँकेने दोन हजार रुपये गैरवाजवी आकार म्हणून कापून घेतले. दिवाणी दावा लावावा तर वकिलाची फीच त्याहून अधिक. स्वस्थ बसावे तर अन्याय गिळावा लागतो. लहान रकमेच्या तक्रारीला न्याय महाग पडतो, हे या दुखण्याचे मूळ आहे.

त्यावरचा उपाय म्हणजे ‘ऑम्बुड्समन’. ही संस्था स्वीडनने 1809 मध्ये आपल्या राज्यघटनेत आणली. भारतात तिला ‘लोकपाल’ हा शब्द 1963 मध्ये लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी दिला, आणि महाराष्ट्राने 1971 मध्ये लोकायुक्ताचा कायदा केला. सरकारी कारभारासाठी जन्मलेली ही कल्पना रिझर्व्ह बँकेने 1995 मध्ये बँकांना लागू केली.

तिची रीत साधी आहे. खातेदाराने प्रथम आपल्या बँकेकडेच लेखी तक्रार करावयाची. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर लोकपालाकडे जावयाचे. तेथे फी नाही आणि वकिलाची गरज नाही. लोकपाल आधी समेटाचा प्रयत्न करतो. तो फसला तर निवाडा देतो. खातेदाराने निवाडा नाकारला तरी न्यायालयाचे दार त्याला बंद होत नाही. मात्र बँकेने आपल्या व्यापारी विचाराने कर्ज नाकारले, तर त्यात लोकपाल पडत नाही. तो सेवेतील उणीव तपासतो. पेढी कोणी कशी चालवावी हे ठरवीत नाही.

आता मुख्य प्रश्न खर्चाचा. खातेदाराने फी द्यावयाची नाही, तर पंचाचा पगार कोणी द्यावा? आरंभी हा भार बँकांवर होता. परंतु ज्याच्याविरुद्ध फिर्याद, त्याच्याच पैशावर पंच बसला, तर फिर्यादीच्या मनात शंका उरतेच. 2006 च्या योजनेने हा खर्च रिझर्व्ह बँकेने स्वतःकडे घेतला. शंका कमी झाली, पण खर्च नाहीसा झाला नाही. रिझर्व्ह बँकेची शिल्लक सरकारी तिजोरीत जाते; तेव्हा तो अखेर जनतेच्याच पदरी पडतो, आणि 2021 पर्यंत निष्काळजी बँकेला त्याची झळ लागत नसे. ब्रिटनमध्ये वेगळा मार्ग आहे. तेथे प्रत्येक वित्तसंस्था वार्षिक वर्गणी देते, आणि ठरावीक संख्येपुढील प्रत्येक प्रकरणामागे, तक्रार खरी ठरो वा खोटी, शुल्क भरते. तक्रार दारातच मिटवण्याची अक्कल त्या शुल्काने येते. पैसा संस्थांचाच, पण तो कायद्याने वसूल होतो. म्हणून पंचाला कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

लहान अर्थव्यवस्थेला आणखी एक अडचण असते. तक्रारी थोड्या असल्या तरी कचेरी, कारकून आणि जाणकार माणसे लागतातच. लाखभर वस्तीचे जर्सी आणि त्याहून लहान गर्न्सी या बेटांनी 2015 मध्ये एकच सामाईक कचेरी उघडून ती सोडविली. भारतानेही 2021 मध्ये बँका, बिगरबँक वित्तसंस्था आणि डिजिटल व्यवहार यांच्या तीन वेगवेगळ्या योजना एकत्र केल्या. पूर्वी पानिपतची तक्रार दिल्लीच्या कचेरीकडे जाई. त्या वर्षी टपालाने येणाऱ्या तक्रारींसाठी चंडीगढला देशाचे एकच केंद्र स्थापन झाले. कोणती तक्रार कोणत्या कचेरीची, हे शोधण्याचे ओझे त्यामुळे खातेदाराच्या डोक्यावरून उतरले.

पैसा कोठूनही येवो, त्याच्या दोऱ्या पंचाच्या हाताला बांधलेल्या नसाव्यात, ही खरी कसोटी आहे. पानिपतच्या मागवाल्याला त्याचे दोन हजार रुपये परत मिळतात तेव्हा रक्कम लहान असते. परंतु उद्याचे पैसे त्याच बँकेत ठेवण्याचा त्याचा विश्वास त्या निवाड्याने टिकतो, आणि पेढीची पत अखेर त्यावरच उभी असते.