नागलीतील प्रथिनांचे मापन व ताम्र-द्रावणाची सिद्धता

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस, हरसूलच्या डोंगराळ परिसरात नागली हे भाकरीचे धान्य आहे. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात. मूळ आकडाच लहान असल्यामुळे मापनात एका ग्रॅमची चूक झाली, तरी मुलांच्या आहाराचा हिशेब बिघडतो. म्हणून बाययुरेट पद्धतीतील ताम्र-द्रावण काळजीपूर्वक सिद्ध करणे अगत्याचे ठरते.

या पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. अल्कधर्मी द्रावणात ताम्राचा आयन पेप्टाइड बंधांतील नायट्रोजन अणूंशी संलग्न होतो व जांभळा रंग उत्पन्न होतो. रंगाची गडदता प्रथिनांच्या प्रमाणात वाढते.

गॉर्नल, बार्डाविल व डेव्हिड यांनी १९४९ मध्ये दिलेल्या कृतीनुसार १.५ ग्रॅम स्फटिकी मोरचूद व ६ ग्रॅम सोडियम-पोटॅशियम टार्ट्रेट ५०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित जलात प्रथम पूर्णपणे विरघळवावे. नंतर १० टक्के कॉस्टिक सोड्याचे ३०० मिलिलिटर द्रावण ढवळत मिसळून एकूण आकारमान १ लिटर करावे. टार्ट्रेट ताम्राला धरून ठेवते. ते नसल्यास ताम्राचा हायड्रॉक्साइड साक्याच्या रूपाने खाली बसतो. द्रावण प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवावे. त्यात तांबडा किंवा काळा साका दिसताच ते टाकून द्यावे.

१ मिलिलिटर नमुन्यात ४ मिलिलिटर द्रावण घालून ३० मिनिटांनी ५४० नॅनोमीटरवर शोषण मोजावे. अल्ब्युमिनच्या ज्ञात द्रावणांशी त्याची तुलना करावी.

नागलीच्या बाबतीत खरी अडचण तिच्या तांबूस सालीची आहे. सालीतील टॅनिनादी द्रव्ये अल्कलीत तपकिरी रंग देतात आणि प्रथिने आहेत त्याहून अधिक भासतात. यास्तव त्याच अर्काचा, परंतु मोरचूद वगळून केलेल्या द्रावणातील दुसरा नमुना मोजून ते शोषण वजा करावे. अर्क गढूळ असता कामा नये. अमोनियमची लवणेही बाधक होत. शेवटी केल्डाल पद्धतीने पडताळा पाहावा. मात्र ती पेप्टाइडांखेरीज इतर नायट्रोजनही मोजते, हे ध्यानी ठेवावे.

कॉस्टिक सोडा कातडी व डोळे जाळतो, आणि ताम्र जलचरांना विषारी आहे. म्हणून हातमोजे व चष्मा वापरावा. उरलेले द्रावण मोरीत न ओतता वेगळे साठवावे.